सातवं छिद्र

बासरीवर तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, वाजतो तेव्हा सहाही छिद्रं उघडी असतात. त्याच्या पुढचा पंचम, म्हणजे प, हवा, तर सहाही बोटं एकदम खाली यावी लागतात आणि त्याच क्षणी फुंकेचा दाबही बदलावा लागतो. गळ्यात हे दोन स्वर एकमेकांना खेटून आहेत. यमन राग गाणारा मध्यमावरून पंचमावर सरकत जातो, कधी पोचला ते कळतही नाही. बासरीवर तिथे उडी मारावी लागते. ती कितीही सफाईने मारली तरी जाणत्या कानाला ऐकू येतेच.

बासरीवादक पन्नालाल घोष यांच्याविषयी लिहायचं तर मला या उडीपासूनच सुरुवात करावी लागते. लहानपणी एका साधूने त्यांच्या हातात बासरी दिली, अशी गोष्ट सांगितली जाते. ऐकायला ती सुरेख आहे. पण त्या गोष्टीतली बासरी आधीच तयार आहे, आणि पन्नालालांच्या वाट्याला आलेली बासरी तयार नव्हती. ख्याल वाजवायला तर नव्हतीच. ती त्यांनी घडवली. त्यांनी वाद्य बदललं, त्यावर काय आणि कसं वाजवायचं ते ठरवलं, शिकवायला बासरीवाला गुरू नसताना ते शिकले, आणि पन्नाशी गाठायच्या आत गेले.

बासरी आपल्याकडे काही कालची नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात नृत्याचं जे चित्र आहे, त्यात बासरी वाजवणाऱ्या बायका आहेत. गवळणींमधून मुरली वाजतेच आहे. जत्रेत काठीला बासऱ्या खोचून, एक ओठांना लावून फिरणारा माणूस महाराष्ट्रात कुणी पाहिला नसेल असं होणार नाही. कृष्णाच्या ओठी असलेलं हे वाद्य. इतका मान दुसऱ्या कुठल्या वाद्याला मिळाला? पण उत्तरेच्या मैफलीत बीन, म्हणजे रुद्रवीणा, होती, सतार होती, सरोद होता, गाण्याच्या साथीला सारंगी होती. बासरी कीर्तनात, लोकसंगीतात, नाटकाच्या आणि पुढे सिनेमाच्या वाद्यमेळात एखादी जागा भरायला यायची. पूजा करायची, पण घरच्या बैठकीत बसवायचं नाही, असा हा प्रकार होता, आणि मला तो आजही टोचतो.

याचं एक कारण वाद्यातच होतं. प्रचारातली बासरी लहान होती, तिचा आवाज उंच आणि पातळ. चपळ चालीला, धुनेला ती छान. पण ख्याल सुरू होतो तो मधल्या सप्तकातल्या षड्जाच्या, म्हणजे सा च्या, आसपास, आणि राग उभा राहतो तो मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरून. गायक मंद्र निषादावर, मंद्र धैवतावर थांबतो, तिथे वजन ठेवतो, मग वर येतो. लहान बासरीच्या खालच्या स्वरांना हे वजन पेलत नाही. तिथे दरबारी राग वाजवायला घ्या, दरबार भरतच नाही. बासरी गोड आहे असं जो तो म्हणतो. माझ्या मते हा गोडवाच तिच्या आड आला होता. गोड वाटलं की लोक खूश होतात आणि पुढे काही मागत नाहीत.

पन्नालालांनी मागितलं. निरनिराळी साहित्यं आणि मापं त्यांनी करून पाहिली आणि शेवटी बांबूवरच, पण सुमारे ३२ इंच लांबीच्या बासरीवर येऊन ते थांबले. लांबी वाढली की आवाज खाली उतरतो आणि भरदार होतो. एवढं सांगितलं तर सोपं वाटतं. पण लांबीबरोबर छिद्रांमधलं अंतर वाढतं, नळीचा व्यास वाढतो, छिद्रंही मोठी होतात. बोटांची टोकं तिथपर्यंत पोचत नाहीत. मग बोटं आडवी, सपाट ठेवून मधल्या पेरांनी छिद्रं झाकायची. अनामिका ताणायची. हाताची सगळी घडीच नव्याने बसवायची. फुंकही जास्त लागते, आणि विलंबित, म्हणजे संथ, लयीत ती पुरवून पुरवून वापरावी लागते. शहनाईवाले गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतात आणि सूर अखंड ठेवू शकतात. बासरीच्या मैफलीत तो मार्ग रुळलेला नाही. श्वास घ्यायचा तर सूर तुटणार. म्हणून कुठे तोडायचा हाच बासरीवाल्याचा विचार असतो. पन्नालालांचं विलंबित ऐकताना माझं लक्ष अनेकदा या तुटण्याकडेच जातं. ते गाण्यासारखे श्वास घेतात, शब्द जिथे संपला असता तिथे. बंदिशीचे बोल वाजत नसतात, पण ते त्यांच्या मनात चालू असतात हे त्यांच्या श्वासावरून कळतं.

आता ते सातवं छिद्र. सहा छिद्रांच्या पलीकडे, नळीच्या टोकाकडे आणि ओळीपासून जरा बाजूला, उजव्या हाताच्या करंगळीखाली येईल असं आणखी एक छिद्र त्यांनी पाडलं. सहाही छिद्रं बंद केली की मंद्र पंचम लागतो, हे बासरीचं साधं गणित. करंगळीने सातवंही बंद केलं की त्याच्या खाली एक पायरी मिळते, मंद्रातला तीव्र मध्यम. आणि तीच बोटं तशीच ठेवून फुंक जोरात मारली की वरच्या सप्तकातला तीव्र मध्यम. आता करंगळी हळूहळू उचला. मध्यम वितळत पंचमात जातो. उडी गेली. एवढ्याशा छिद्राने यमन, पूरिया धनाश्री, श्री अशा कितीतरी रागांमधली ती तुटलेली जागा सांधली गेली.

शुद्ध मध्यमाची, म्हणजे साध्या म ची, अडचण मात्र उरतेच. पहिलं छिद्र अर्धं उघडून वाजणारा तो स्वर, तिथून पंचमावर घसरत जायला सातव्या छिद्राचा उपयोग नाही. भीमपलासीत बासरीवाल्याला हा सांधा फुंकेच्या नाजूकपणाने झाकावा लागतो. मला हे आवडतं, की पन्नालालांनी वाद्याच्या सगळ्याच अडचणी संपवल्या नाहीत. किल्ल्या बसवून, यंत्र करून त्यांना बासरी बिनचूक करायची नव्हती. बोट आणि बांबू यांच्यामध्ये काही येऊ न देता जेवढं जमेल तेवढंच त्यांनी केलं.

मी स्वतः सात छिद्रांची बासरी प्रौढपणी हातात धरली. आमचे सर दादरला शिकवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी करंगळी धरून त्या छिद्रावर ठेवली आणि म्हणाले, "हिला आजवर काही काम नव्हतं ना? आता हिच्याकडेच सगळं आहे." कित्येक महिने ती करंगळी थरथरायची. अनामिका उचलली की तीही उठायची, कारण त्या दोघींची हालचाल एकमेकींत गुंतलेली असते. सर मला रागावत नसत. ते फक्त मंद्रातला तीव्र मध्यम वाजवायला सांगत आणि स्वतः तानपुरा छेडत बसत. सूर लागेपर्यंत पुढचं काही नाही. सगळ्या छिद्रांपैकी एकातून जरी केसाएवढी हवा निसटली तरी तो स्वर लागत नाही, आणि कुठून निसटते आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

बासरी करणाऱ्याकडे मी मधूनमधून जाऊन बसतो. आसामकडून आलेला बांबू त्याच्या खोलीत उभा करून ठेवलेला असतो, सुकत. लांब बासरीला दोन गाठींमधलं पेर लांब, नळी सरळ आणि भिंत पातळ लागते, आणि हे तिन्ही गुण एका बांबूत क्वचित भेटतात. ढिगातून तो एकेक उचलतो, डोळ्याला लावून आरपार बघतो, खाली ठेवतो. मग तापवून लाल केलेल्या सळईने छिद्रं पाडतो. जळक्या बांबूचा तो वास मला फार ओळखीचा झाला आहे. छिद्र आधी लहानच ठेवायचं, फुंकून बघायचं, कानसीने किंचित वाढवायचं, पुन्हा फुंकायचं. थोडं जास्त घासलं गेलं की सूर चढतो आणि चढलेला सूर परत उतरत नाही. तानपुऱ्याला खुंट्या आहेत, मणी आहेत. तबल्याला गट्टे आहेत. बासरी एकदा झाली की झाली. म्हणून मैफलीत तानपुरा बासरीला मिळवून घेतात. आणि वाजवता वाजवता श्वासाने नळी तापली की तिचा सूर चढू लागतो, मग वाजवणाऱ्याने ओठांचा कोन बदलून तो खाली धरून ठेवायचा. कोरड्या हवेत ती तडकते, म्हणून तिला दोऱ्याची वेटोळी बांधतात आणि आतून तेल देतात. एवढं करूनही एखाद्या थंडीत ती तडकतेच.

पन्नालालांचा जन्म १९११ सालचा, बरीसालचा. आता ते बांगलादेशात आहे. कीर्तनखोला नदीच्या काठचं, पाण्याने वेढलेल्या मुलखातलं गाव. त्यांचं मूळ नाव अमलज्योती. आजोबा धृपद गाणारे, वडील सतार वाजवणारे. घरात गाणं असं मुरलेलं. पण मुलाला व्यायामाचाही तितकाच नाद, आखाडा आणि मुष्टियुद्ध. स्वातंत्र्याच्या चळवळीचे ते दिवस होते, बंगालमधल्या आखाड्यांवर सरकारची नजर असायची, आणि तरुण वयातच ते कलकत्त्याला आले. पुढे या वाद्याला जगभर नेणारे हरिप्रसाद चौरसिया हेही पैलवानाचा मुलगा, अलाहाबादचे, स्वतः कुस्ती खेळलेले. बासरी कोवळी, तिला कोवळाच माणूस हवा, अशी आपली समजूत असते. ३२ इंचांची नळी भरायची तर छाती आखाड्यात कमावलेली असली तर बरंच.

कलकत्त्यात न्यू थिएटर्स या चित्रपट कंपनीच्या वाद्यमेळात त्यांनी काम केलं. १९३८ मध्ये सराईकेलाच्या छाऊ नृत्याच्या पथकाबरोबर ते युरोपला गेले. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं शिकणं. त्यांचे पहिले गुरू खुशी मोहम्मद खाँ हार्मोनियम वाजवणारे. म्हणजे मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हेच नसलेल्या वाद्याचे उस्ताद. मग गिरिजाशंकर चक्रवर्ती, ते गायक. आणि १९४७ मध्ये, नाव झालेलं असताना, वयाच्या छत्तिशीच्या आसपास ते मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य झाले, ते सरोदिये. तिघांतला एकही बासरीवाला नाही. गुरूने जे सांगितलं ते हार्मोनियमवरून, गळ्यावरून, सरोदवरून उचलून बांबूवर आणायचं, आणि ते बांबूवर येतच नसेल तर बांबू बदलायचा. सातवं छिद्र याच खटाटोपातून आलं असणार असं मला वाटतं. बासरीवाल्या गुरूपाशी शिकले असते तर "बासरीवर हे होत नाही" असं कुणीतरी त्यांना लवकरच सांगून टाकलं असतं.

१९४० साली ते मुंबईला आले. त्यांचे बालमित्र आणि मेहुणे अनिल विश्वास, तेही बरीसालचे, आधीच इथे संगीत दिग्दर्शक म्हणून स्थिरावले होते. अनिलदांची बहीण पारुल ही पन्नालालांची पत्नी. पार्श्वगायनाच्या सुरुवातीच्या काळातला तो एक फार स्वच्छ आवाज. पारुल घोष हे नाव आज फारसं कुणी घेत नाही, आणि मला त्याची खंत वाटते. मी मालाडचा. बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ मालाडला होता, आणि माझ्या लहानपणी त्या जागेला बॉम्बे टॉकीज कंपाउंड म्हणत, पण तिथे ऐकू यायचे ते कारखान्यांचे आवाज. याच कंपनीच्या १९४२ च्या एका चित्रपटाला पन्नालालांचं संगीत होतं आणि पारुलताई त्यात गायल्या होत्या, हे मला फार उशिरा समजलं. त्यानंतर त्या रस्त्याने जाताना माझी चाल आपोआप मंदावते.

सिनेमाने त्यांना पोटाला दिलं. सिनेमातली बासरी म्हणजे पहाट, गाई, डोंगर, विरह. तेही ते मन लावून वाजवत असणार, कारण निष्काळजी फुंक त्यांच्या कुठल्याच ध्वनिमुद्रणात मी ऐकलेली नाही. पण रागाचं काम त्यांनी सोडलं नाही. नूपुरध्वनी, चंद्रमौली, दीपावली असे राग त्यांनी बांधले. नूपुरध्वनी ऐकताना बासरीला काय आवडतं हे या माणसाला किती नेमकं ठाऊक होतं ते जाणवतं. १९५६ मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक म्हणून गेले. वाद्यवृंदासाठी त्यांनी 'कलिंगविजय'सारख्या रचना केल्या. २० एप्रिल १९६० रोजी, दिल्लीतच, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय अठ्ठेचाळीस. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा आवाज ज्या वयात खरा पिकायला लागतो, ते हे वय. अल्लाउद्दीन खाँसाहेब तेव्हा हयात होते. शिष्य आधी गेला.

त्यांच्यामागे ही बासरी कुणी सांभाळली, ते बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. देवेंद्र मुर्डेश्वर, जे पुढे त्यांचे जावई झाले. व्ही. जी. कर्नाड. निरंजन हळदीपूर, आणि मग त्यांचे चिरंजीव नित्यानंद हळदीपूर. आडनावं वाचत गेलं की कर्नाटकाच्या किनाऱ्यावरची गावं एकामागून एक येतात. बरीसालच्या नदीकाठचं वाद्य मुंबईत येऊन कोकणी बोलणाऱ्या सारस्वतांच्या घरांत रुजलं. पुण्यात केशव गिंडे यांनी हाच धागा पकडून जास्त सप्तकांचा पल्ला असलेली केशववेणू केली. बासरीत अजून बदल करायला जागा आहे, ही खात्री त्यांना पन्नालालांकडूनच मिळाली असेल. पन्नालालांचे धाकटे भाऊ निखिल घोष, तबल्याचे जाणकार, त्यांनी १९५६ मध्ये मुंबईतच संगीत महाभारती ही संस्था उभी केली. एका घराने या शहराला किती दिलं.

सातवं छिद्र सगळ्यांनी स्वीकारलं नाही. हरिप्रसादजी सहा छिद्रांचीच बासरी वाजवतात, आणि त्यांच्या थोरवीत त्याने काही कमी पडत नाही. त्यांची लयकारी, त्यांचा जोड, म्हणजे आलापातला लयीचा भाग, फुंकेवरचा ताबा, हा वेगळाच प्रांत आहे, आणि आज शिकायला येणारी बहुतेक मुलं त्यांना ऐकून आलेली असतात. पण लांब, खर्जाच्या अंगाची बासरी आणि तिच्यावर पूर्ण राग ही वाट आधीच मोकळी झालेली होती. आजचा कुठलाही बासरीवादक, कितीही छिद्रांची बासरी वाजवो, त्याच वाटेने चालतो. शिकणाऱ्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना पन्नालालांचं नाव ठाऊक असतं, पण ऐकलेलं फार थोड्यांनी असतं. हे मला खरोखर बोचतं. जुनं ध्वनिमुद्रण खरखरतं, म्हणून ते बाजूला ठेवतात. त्या खरखरीच्या मागे त्यांच्या स्वतःच्या हातातल्या वाद्याचा जन्म चालू आहे.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर जेमतेम तीन मिनिटं मिळायची, तिथे रागाचं रूप दिसतं, चाल दिसत नाही. त्या तबकड्या नंतर ऐका. आधी त्यांचा यमन घ्या, मोठ्या अवधीचा. सुरुवातीला ते फारसं काही करत नाहीत, आणि घाई असेल तर तुम्ही तो बंद कराल. बंद करू नका. मंद्रात उतरताना पंचमाखाली ते जातात तिथे कान द्या, आणि मध्य सप्तकातला तीव्र मध्यम पंचमाला भेटतो तिथे. मग श्री, दिवस मावळताना. दरबारी रात्री. मोबाईलच्या स्पीकरवर नको, त्यात मंद्राची गोलाई उरत नाही. चांगला हेडफोन असेल तर तो, नाहीतर कुणाच्या घरी जुने मोठे स्पीकर असतील तर त्यांच्याकडे जा. मी तसं करतो, आणि चहा मिळतो.